जाळीच्या कपाटाला खडूचा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या बेळगावात गल्लोगल्ली भंगारवाल्यांच्या हातगाड्या भरायला लागतात. वर रद्दी, तेलाचे डबे, मोडका कूलर आणि तळाशी पाय वर करून पडलेलं एखादं लाकडी स्टूल. लोखंडाला किलोवर भाव मिळतो, लाकडाला कुणी विचारत नाही. ते जळणात जातं. असं जळणाच्या वाटेला लागलेलं सामान घरी आणून रंगवायचा मला नाद आहे, आणि आज त्यासाठी वापरायच्या एका रंगाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव चॉक पेंट.

हा रंग इंग्लंडमधला. ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन यांनी 1990 मध्ये तो बाजारात आणला. जुनं फर्निचर घासत बसायला नको, प्रायमर नको, सरळ रंग लावावा आणि तो बसावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ऑइलपेंटसारखी चकाकी ह्याला नाही. वाळल्यावर हात फिरवला तर पृष्ठभाग कोरडा, गुळगुळीत लागतो, अगदी खडूचा लागतो तसा. चॉक पेंट हे त्यांचं नोंदवलेलं नाव, पण आता तशा कुठल्याही रंगाला लोक तेच म्हणतात. तयार डबा मागवायला हरकत नाही, फक्त गुडघाभर उंचीच्या टीपॉयपेक्षा त्याचा रंग महाग पडला असं होतं. म्हणून मी घरीच कालवते. कसं, ते पुढे सांगते.

त्याआधी हा रंग कशाला लावू नये ते ऐका, कारण हल्ली उत्साहाच्या भरात फार नासधूस चाललीय. आजोबांची शिसवी आरामखुर्ची, सागवानी पलंग, पितळी कड्यांचा पेटारा ह्यांना कृपा करून पांढरं-निळं फासू नका. आपल्याकडे खानापूर, लोंढ्याच्या रानातलं आणि पलीकडे दांडेलीचं सागवान एके काळी घराघरांत आलं. ते लाकूड आता त्या भावात कुठे मिळणार? त्याच्या रेषा हाच त्याचा दागिना. त्याला पॉलिशवाला बोलवा. शंका असेल तर खुर्ची उलटी करा आणि बुडाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडं घासून बघा. आतून सागवान किंवा शिसव निघालं तर रंगाचा डबा बंद करून ठेवा.

चॉक पेंट खुलतो तो ज्याला पॉलिश करून काही हाती लागणार नाही अशा सामानावर. दोन-तीन जातींची लाकडं जोडून केलेली कपाटं, प्लायवूडचे टीपॉय, कोपरे उडालेले सनमायकाचे शोकेस, तीनदा ऑइलपेंट खाल्लेले बाक. असं सामान कॅम्पात, म्हणजे इथल्या लष्करी वस्तीत, बदली होऊन निघालेल्या कुटुंबांकडे मिळतं, भंगाराच्या गोदामात मिळतं, जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहतात तिथे तर फुकटही मिळतं. घासाघीस करताना मराठी, कानडी, हिंदी तिन्ही भाषा लागतात. "एष्टु?", म्हणजे कानडीत "किती?", एवढं विचारता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं चेहरा पाडून उभं राहण्यात आहे.

मला सगळ्यांत आवडतं ते जाळीचं कपाट. फ्रिज येण्याआधी प्रत्येक स्वयंपाकघरात असायचं बघा. दूध, दही, तूप, उरलेली भाकरी ह्यात. मांजराला उघडता येऊ नये म्हणून वर कडी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. त्या वाट्यांनीच ह्या कपाटांचा घात केलाय. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून पाय खालून चार बोटं कुजलेले असतात. नखानं टोचलं तर लाकूड भिजल्या भाकरीच्या तुकड्यासारखं निघतं. तेवढा भाग सुताराकडून कापून नवा तुकडा जोडून घ्यायचा. ह्यात कंजुषी करू नका, कारण रंग कितीही छान लागला तरी डगमगणारं कपाट डगमगतच राहतं. सांधे ढिले असतील तर फेव्हिकॉल घालून शिकंजात रात्रभर दाबून ठेवावेत. खिळे ठोकले तर जुनं लाकूड फाटतं.

अशा कपाटाचा रंग जरा खरवडला की घराचा इतिहास निघतो. वर आकाशी, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी, आणि अगदी तळाशी काळपट पॉलिश. बघायला मजा येते, पण इथेच जपायचं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. कोरडं घासून धूळ उडवायची नाही. वॉटरपेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका, आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाका. चॉक पेंटला मुळात फार घासावं लागत नाही, ही त्याची खरी सोय इथे कामाला येते. सुटत आलेले पापुद्रे काढले, तेलकटपणा सोड्याच्या पाण्यानं पुसला, मग साध्या पाण्यानं पुसून वाळवलं की पुरे. सनमायका तेवढा अपवाद. त्याची चकाकी पॉलिशपेपरनं मोडल्याशिवाय रंग नखानं निघून येतो.

पलंग किंवा दिवाण आणलात तर आधी उन्हात ठेवा आणि फटीफटींत उकळतं पाणी ओता. ढेकूण. एवढंच सांगते, जास्त सांगायची गरज नाही. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. औषध घातल्याशिवाय ती वस्तू घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ नेऊ नका.

आता रंग. पांढरा किंवा हव्या त्या छटेचा पाण्यातला इमल्शन घ्या, चकाकी नसलेला. त्यात खडूची पूड घालायची, जिला हार्डवेअरवाले व्हायटिंग किंवा चॉक पावडर म्हणतात. हे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या जुन्या रंगाऱ्यांना ही पूड नवी नाही, जवसाच्या तेलात ती मळूनच ते लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, करायचे. प्रमाण असं ठेवा: एक वाटी पूड, ती भिजेल इतकंच पाणी, आणि तीन वाट्या रंग. पूड आधी पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मगच रंगात ओतायची. उलट केलंत तर गुठळ्या ब्रशखाली येऊन रेघा उठतात. पुष्कळ जण व्हायटिंगऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घालतात. तेही चालतं, रंग जरा जास्त कडक बसतो, पण प्लास्टर पाण्याशी गाठ पडली की घट्ट होऊ लागतं. लागेल तेवढंच कालवा आणि हात चालवा. मध्येच चहाला बसलात तर वाटीत दगड.

पहिला हात पातळ आणि पट्टेपट्टे दिसणारा लागतो. घाबरू नका, दुसऱ्या हातात झाकलं जातं. पण दुसऱ्या हातानंतरही पांढऱ्यावर तपकिरी-पिवळे डाग वर येत राहिले तर मात्र थांबा. आपल्या भागात हा त्रास फार होतो, कारण जुन्या सामानात फणस असतो, बाभूळ असते, सागवानाच्या पट्ट्या असतात. फणसाचा पिवळा रंग तर पूर्वी कापड रंगवायला काढायचे. पाण्यातला रंग लावला की लाकडातलं हे द्रव्य विरघळून वर येतं, आणि तुम्ही कितीही हात मारा, ते येतच राहतं. जुन्या पॉलिशमधला लालसर रंगही असाच फुटतो. उपाय पॉलिशवाल्याकडेच आहे: चपडा लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन पातळ हात मारा. स्पिरिट झटकन उडतं, तासाभरात वर रंग देता येतो आणि डाग खालीच अडकून राहतो. लाखेच्या कामात जवळ चूल, गॅस, उदबत्ती काही नको.

जाळीचं कपाट मी बाहेरून रंगवते, आतून नाही. आत अन्नाची भांडी राहणार. जाळी गंजलेली असेल तर काढून नवी बसवायची. कडांना जुनेपणा हवा असेल तर खाली गडद रंगाचा हात, तो वाळला की कोपऱ्यांवर, कडीभोवती, जिथे हात लागून रंग उडाला असता तिथे मेणबत्ती घासायची, आणि वर फिका रंग. वाळल्यावर त्या जागा हलकेच घासल्या की खालचा गडद रंग डोकावतो. जिथे माणसाचा हात कधी पोचत नाही तिथे हे करू नका, ते खोटं दिसतं. सगळ्या अंगावर सारखे ओरखडे पाडलेलं फर्निचर बघितलं की मला तरी ते मांजरानं नखं घासल्यासारखं वाटतं.

आणि आता जे सगळे घाईत उरकतात ते. चॉक पेंट नुसता ठेवता येत नाही. तो सच्छिद्र असतो, तेलाचा हात लागला की डाग, ओला फडका फिरवला की फडक्याला रंग. वर मेण किंवा वॉर्निश हवंच. परदेशी व्हिडिओत बहुतेक जण मेण लावतात, आणि ते दिसतं सुरेख. पण आपला पाऊस विसरू नका. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे मेण काय वाळणार? लावल्यावर ते पुरतं घट्ट व्हायला तीन-चार आठवडे कोरडी हवा मागतं. अथणी, गोकाककडे हा प्रश्न कमी. बेळगाव शहर मधलं. म्हणून माझा हिशोब असा: मेणाचं काम दिवाळीनंतर काढायचं आणि शिमग्यापर्यंत संपवायचं. आणि मेण फक्त देवघरातला चौरंग, आरसा, पुस्तकांचं कपाट अशा कमी हात लागणाऱ्या वस्तूंना. चहाचे कप, गरम पातेली जिथे टेकतात तिथे पाण्यातलं वॉर्निश, दोन-तीन पातळ हात. तेलातलं वॉर्निश पांढऱ्यावर मारू नका, काही महिन्यांत पिवळं पडतं. आणि हे आधीच ठरवा, कारण एकदा मेण लागलं की त्यावर वॉर्निश धरत नाही.

मेण घरी करायचं असेल तर मधमाशीचं मेण वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. गॅस बंद करून वाटी बाहेर, लांब नेल्यावरच त्यात टर्पेंटाइन घाला, थंड झाल्यावर लोण्यासारखं होईल इतकं. जुन्या धोतराच्या फडक्यानं पातळ चोळा आणि लगेच दुसऱ्या फडक्यानं जादा मेण पुसून घ्या. चिकट राहिलं म्हणजे जास्त झालं, दुसरं काही नाही. रंगवलेलं कपाट पावसाळ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे हात जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर पाठीला बुरशी येते आणि दसऱ्याला कपाट सरकवल्यावरच ती कळते.

शेवटचं, उरलेल्या रंगाबद्दल, कारण हे मला नेहमी विचारतात. प्लास्टर घातलेला असेल तर ठेवण्यात अर्थ नाही. तो मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल. डब्यातच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. व्हायटिंगचा असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत महिनाभर सहज राहतो. पूड तळाशी बसते, तेव्हा वापरताना काडी तळापर्यंत घालून ढवळा आणि फारच दाट वाटला तर चमचाभर पाणी घाला. नमस्कार.