सगळ्यांचा होकार येईपर्यंत

(दृश्य: धानोरा रस्ता, गावाचा फलक, मागे जंगल)

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की वाटेत मेंढा लागतं. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे म्हणतात मेंढा-लेखा. शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव आणि भोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथलीच. पण सरकार व्हायचं तर निर्णयही स्वतःच घ्यावे लागतात. ते कसे घेतात, ते बघू.

(दृश्य: ग्रामसभा, बायका-पुरुष जमिनीवर बसलेले)

ही ग्रामसभा. इथे हात वर करून मतं मोजत नाहीत. निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. त्या माणसाला गप्प बसवायचं नाही, त्याला काय खटकतंय ते काढून घ्यायचं. देवाजी तोफा यांना बाहेरचे लोक या गावाचे नेते म्हणतात, पण इथे नेत्याच्या एकट्याच्या होकारानं काहीच ठरत नाही.

झटपट निर्णय घेणारा तोच खरा नेता, असं शहरातल्या प्रशिक्षण वर्गांत शिकवतात. त्यांनी इथे येऊन तासभर बसावं.

(दृश्य: अभ्यास गट, कायद्याची पुस्तिका, हातातले कागद)

सभेआधीची खरी मेहनत अभ्यास गटात होते. कायदा काय सांगतो, हिशेब काय, दुसरीकडे काय घडलं, सगळं इथे उलगडून बघतात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते याच वाटेनं गावाशी जोडले गेले. बाहेरच्यानं माहिती द्यावी, वाद घालावा, चूक दाखवावी. निर्णयाच्या वेळी मात्र बोलायचं ते गावानं. गावातली दारू बंद करायची का, हा प्रश्नही असाच चर्चेत राहिला. बायकांनी तो लावून धरला, आणि सगळ्यांना पटल्यावरच ठरलं.

(दृश्य: बांबूचं बेट, कोयता चालतोय)

आता हे बघा. कोयता मुळाशी लागत नाही, पेराच्या वर लागतो. बेटातले कोवळे वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, तसेच ठेवलेत, पुढच्या वर्षांचा बांबू त्यातूनच येणार. हाच बांबू गावासाठी सर्वांत अवघड प्रश्न होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज ठरवलं, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येईल असं जंगलातलं उत्पन्न. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचा साऱ्या गावाचा हक्क, मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. तरी बांबू विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हातात. हक्क गावाचा, पास खात्याचा! गाव हात जोडून बसलं नाही. कायद्याचं कलम पुढे ठेवून पत्रव्यवहार आणि पाठपुरावा चालू ठेवला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, कार्यक्रम)

२७ एप्रिल २०११. केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले. वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे बांबू विकला गेला, गावातच रोजगार मिळाला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला.

(दृश्य: भातशेती, बांध)

पुढचा विषय जमिनीचा. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेताची मालकीही ग्रामसभेकडे द्यायची का? त्यावर बरीच वर्षं खल झाला, आणि २०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचा निर्णय घेतला.