आधी जमीन बघा, मग पाय

(महिला बचत गटांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार मैत्रिणींनो. पत्रिकेत माझा विषय 'नवजात पिल्लांच्या पायांचे आजार व उपचार' असा छापलाय. वेळ पंचवीस मिनिटं. आजार चार आहेत आणि चारही सांगणार आहे. पण आधी मला एक विचारू द्या. उबवणीच्या यंत्रातून कोंबडीची पिल्लं काढल्यावर पहिल्या दिवशी खाली वर्तमानपत्र कोण कोण अंथरतं? हात वर करा. लाजू नका, इथे परीक्षा नाही... बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. चार वर्षांपूर्वी मीही तेच करत होते, म्हणूनच आज बोलायला उभी आहे.

आमचा भाग भाताचा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंकडे दहा-बारा गावरान कोंबड्या होत्या. कोंबडी खुडूक झाली की त्या टोपलीत पेंढा घालायच्या, त्यावर अंडी मांडायच्या, कोंबडी बसवायच्या आणि दिवस मोजायच्या. एकविसाव्या दिवशी टोपलीतून आवाज यायला लागायचा. पिल्लं दोन दिवस आईच्या पोटाखालीच राहायची. नंतर डालग्याखाली, तिथेही खाली माती किंवा पेंढा. अंडी कमी-जास्त फुटायची, पिल्लांवर कधी घार यायची, कधी मुंगूस यायचं. पण पाय फाकलेलं पिल्लू मी त्या टोपलीत कधी पाहिलं नव्हतं.

मग गटाचं कर्ज मिळालं आणि उबवणीचं छोटं यंत्र घेतलं. त्याआधी एका प्रशिक्षणाला गेले होते. कुठे ते सांगत नाही, माणसं चांगली होती. तिथे सांगितलं की पिल्लं पहिल्या दिवशी तूस खातात, म्हणून तुसावर कागद घाला आणि त्यावर भरडा टाका. वहीत लिहून घेतलं. कोणता कागद, किती वेळ, त्यावर पिल्लाचा पाय धरतो का, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या खेपेला एकोणतीस पिल्लं निघाली. मी हौसेनं खाली पुरवणीची रंगीत पानं घातली, गुळगुळीत, चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पिल्लं पोटावर पडलेली. दोन्ही पाय दोन बाजूंना, पोहणाऱ्या बेडकासारखे. उठायचा प्रयत्न करायची, पाय आणखी फाकायचे, परत पोटावर. बाकीची पिल्लं त्यांना तुडवत पाण्याकडे जायची. शेजारचे म्हणाले, कमजोर बियाणं आहे, टाकून द्या. माझीही तीच समजूत झाली. त्या दिवशी दोन पिल्लं गेली, आणि ती माझ्या हलगर्जीपणानं गेली.

दुपारी सासूबाई आत आल्या. खाली बसल्या आणि एक पडलेलं पिल्लू उचलून मांडीवर ठेवलं. जुनं, धुऊन खरबरीत झालेलं सुती लुगडं होतं. पिल्लानं नखं कापडात रोवली. थरथरलं, एक पाय आत ओढला, मग दुसरा. अर्धा मिनिट असेल, पण ते उभं राहिलं! त्यांनी तेच पिल्लू उचलून कागदावर ठेवलं, पाय लगेच सटकले. परत मांडीवर घेतलं, परत उभं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "अगं, आपल्या टोपलीत कधी झालं होतं का असं?"

माझं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नात आहे. आपण पिल्लाचा पाय बघतो, पिल्लू ज्यावर उभं आहे ती जमीन बघत नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची हाडं आणि सांधे अजून मऊ असतात. पहिले दोन-तीन दिवस ते उभं राहायला शिकत असतं. त्या दिवसांत पाय घसरत राहिले तर सांधे त्याच बाजूला वळण घेतात. पण मऊ आहेत म्हणूनच ते परत जागेवरही येतात. आठवडा उलटला की काम अवघड होतं.

कागद घालायचाच असेल तर चुरगळून घाला किंवा खरखरीत पन्हळी पुठ्ठा घाला. सगळ्यात बरं म्हणजे गोणपाट, धागे सुटलेलं नको, नखं अडकतात. यंत्रातल्या पिल्लं निघायच्या ट्रेमध्येही खाली जाळी किंवा खरबरीत कापड हवं. पिल्लू पहिलं पाऊल तिथे टाकतं, आपल्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या खोक्यात नाही.

...चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं. मग आता भरभर.

पहिला आजार हाच, पाय फाकणं. कारण निसरडी जमीन, किंवा यंत्राचं तापमान कमी-जास्त होणं. साडेसदतीस अंशाच्या आसपास ते स्थिर हवं, अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं. उपचाराला जखमेची चिकटपट्टी घ्या, उभी कापून अरुंद करा. मधली कापसाची गादी दोन पायांच्या मध्ये येऊ द्या आणि टोकं दोन्ही पायांच्या नळ्यांभोवती गुंडाळा. आवळू नका, पायाचा रंग बदलला तर लगेच सोडा. पाय अगदी जवळ बांधायचे नाहीत, पिल्लू नैसर्गिक उभं राहतं तेवढंच अंतर ठेवा. रोज बघा, दोन ते चार दिवसांत बहुतेक पिल्लं चालू लागतात. पाण्याची थाळी उथळ ठेवा आणि तिच्यात खडे टाका, नाहीतर पडलेलं पिल्लू त्यात बुडतं. वेगळं ठेवा पण एकटं नको, एक शांत सोबती द्या. आमच्या उरलेल्या पाचांपैकी चार अशीच चालायला लागली.

दुसरा, बोटं आत मुडपणं. पिल्लू मुठी वळल्यासारखं चालतं. जन्मतःच बोटं वाकडी असतील आणि पिल्लू ताकदीचं असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा कापून बोटं त्यावर पसरा आणि पट्टीनं चिकटवा, दोन दिवसांचा बूट होतो. पण बऱ्याच पिल्लांना असं होत असेल तर दोष त्यांच्या आईच्या खाण्यात शोधा. जीवनसत्त्व ब-२ कमी पडलं की पायाच्या नसा बिघडतात. नुसत्या कण्यांवर वाढलेल्या कोंबडीत ते कमीच असतं. घरी कच्चं अंडं फोडून पांढरं नीट बघा, त्याला किंचित हिरवट-पिवळी झाक असते. ती याच ब-२ ची. दह्यावर सुटणाऱ्या पाण्याचा रंगही तोच. शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे द्रव्य अंड्याच्या पांढऱ्यातूनच वेगळं काढलं होतं. तेव्हा अंड्याच्या कोंबड्यांना हिरवा पाला, शेवगा, ताक मिळू द्या. पिल्लांना औषध पशुवैद्यकाला विचारून लवकर सुरू करा, नस कायमची बिघडली की उपयोग नाही.

तिसरा, स्नायूची दोरी सरकणं. पिल्लाचा आपण गुडघा म्हणतो तो सांधा खरं तर त्याची टाच. तिच्या मागच्या खोबणीतून दोरी बाजूला निसटते, सांधा सुजतो, पाय बाहेर वळतो. खाद्यात मँगनीज, कोलीन ही पोषक द्रव्यं कमी पडली की असं होतं. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालू नका, त्यातला जास्तीचा कॅल्शियम मँगनीजला अंगी लागू देत नाही. पाय हळूच मागे सरळ करून दोरी जागेवर ढकलता येते, पण पिल्लाला दुखतं आणि वेळ गेला की जमत नाही. हे घरी पहिल्यांदा करू नका, ज्याला येतं त्याच्या हाताखाली शिका.

चौथा, मुडदूस. हा पहिल्या दिवसाचा नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. चोच रबरासारखी वाकते, पिल्लू बसूनच राहतं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा तो प्रश्न. कोवळं ऊन द्या, पण उघड्यावरचं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही.

दोन्ही पाय लुळे, मान वळलेली, खाणं बंद, असं असेल तर पट्टी बांधत बसू नका, पशुवैद्यकाकडे न्या.

घंटा झाली. मागे त्या ताईंनी खोक्यातून पिल्लू आणलंय ना? इकडे आणा. चिकटपट्टी आणि कात्री माझ्या पिशवीत आहे. कुणी बाहेरून गोणपाटाचा एक तुकडा आणता का? या टेबलावर त्याला उभं नका करू, सनमायका आहे.