कूलर बसवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की नागपुरात जो भेटेल तो विचारतो, "कूलर बसवला का?" जिन्याखालून, माळ्यावरून कूलर बाहेर येतात, जाळ्यांतलं जुनं वुडवूल, म्हणजे लाकडाचा बारीक भुसभुशीत कीस, फेकून नवं भरलं जातं, पंप फिरवून बघतात. याच महिन्यात १४ ते २० तारखेला देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. ती आग विझवताना अग्निशमन दलाचे जे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. तेव्हा कूलर बसवता बसवताच घरावर एक नजर टाकू या.

आधी वायर बघा. वर्षभर पडून असलेल्या कूलरची वायर कुठे तरी उंदरानं कुरतडलेली असते, कुठे जुन्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली. ती बदलाच. पिन तीन दांड्यांची हवी आणि बोर्डाला अर्थिंगही हवं, कारण पत्र्याचा कूलर, पाणी आणि ओली फरशी यांचं एकत्र येणं आगीइतकंच जिवावर बेततं. टाकी रिकामी झाली तरी पंप फिरत राहिला तर तो तापतो, आणि आजूबाजूला असतं ते वाळलेलं वुडवूल. त्याला पेटायला ठिणगी पुरते.

आता लोड. घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,३०० वॅटचा. एकट्या इस्त्रीचे हजार वॅट होतात. त्याच एक्स्टेन्शनवर कूलर आणि फ्रीज लावला की बोर्ड गरम होतो, प्लास्टिकचा वास येतो, आणि आपण म्हणतो, "उन्हाळा आहे, तापणारच!" तो वास आला की बटण बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. एसीला तर बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर लागते. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, सारखा पडतो म्हणून काही जण त्याजागी मोठा बसवून घेतात. याहून घातक शहाणपण मी पाहिलं नाही. वायर तीच बारीक राहते, तिला वाचवणारा पहारेकरी तेवढा आपण काढून टाकतो. शिवाय सैल स्क्रूपाशी जो जोड तापतो, तो एमसीबीला कळतही नाही. पाण्याजवळच्या उपकरणांसाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो.

कूलरच्या वाऱ्याचाही विचार करा. देवघरातल्या समईकडे पडदा त्याच वाऱ्यानं उडतो. डासांची कॉइल आपण पलंगाखाली सरकवतो आणि वरून चादर लोंबत असते. कॉइल मोकळ्या फरशीवर, धातूच्या ताटलीत ठेवा.

स्वयंपाकघरात गोळाभातावर ओतायचं तेल कडकडीत तापवायचं, हा आपला नेम. नेमका तेव्हाच फोन वाजतो. धूर निघू लागला म्हणजे तेल पेटायच्या बेतात आहे. पेटलंच तर गॅस बंद करायचा आणि कढईवर मोठं झाकण बाजूनं सरकवायचं. कढई उचलायची नाही. पाणी तर नाहीच नाही. तापलेल्या तेलात पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं.

गॅसचा वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली फरशीलगत साचतो. अशा वेळी कुठलंही बटण, चालू करायचं असो की बंद करायचं, हात लावायचा नाही. एक्झॉस्ट पंखाही नाही. घराबाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं, काडी पेटवून बघणारे अजून आहेत! नळीवर मुदत छापलेली असते, तीही वाचा.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. आपल्याकडे एका खिडकीत कूलर, दुसरीला जाळी, बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप, आणि दाराच्या वाटेत रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर. मग निघायचं कुठून? ग्रिलची किल्ली शेजारीच, लहानांच्याही हाताला येईल अशी अडकवा. स्कूटर रात्री दारात चार्ज करू नका. धूर भरला तर खाली वाकून, रांगत निघा, बाहेर पडताना आपल्यामागे दार ओढून घ्या, लिफ्ट टाळा आणि पैसे-दागिन्यांसाठी परत आत जाऊ नका. मग अग्निशमन दलाला १०१वर किंवा ११२वर फोन करा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत राहत असाल तर गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावू नका, बंब आत शिरायला हवा.

कुणी भाजलं तर जखमेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. फक्त मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं, हे लक्षात ठेवा. आधी हात लावून बघा. कढत असेल तर घरात भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी तांब्यानं ओतत राहा. मग स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून दवाखाना गाठा.

नमस्कार.