सायकल देणे आणि सायकल येणे

‘मला सायकल येते’ असे आपण सहज म्हणतो, आणि आजच्या विषयाचा अर्धा भाग त्या ‘येते’मध्ये आहे. गरजू मुलांना सायकली वाटण्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात, परंतु मिळालेली सायकल मुलाला येते का, हे पाहायला त्या दिवशी कोणाला सवड नसते.

सायकल द्यावी की नाही, हा प्रश्न माझ्या मते निकालात निघालेला आहे. पाच किलोमीटरवरच्या शाळेत चालत जायला तासाहून अधिक वेळ लागतो, तेच अंतर सायकलवर वीस-पंचवीस मिनिटांत कापता येते. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधील तफावत 40 टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला.

याच्याही आधीचे, मला अधिक जवळचे वाटणारे उदाहरण तामिळनाडूतील पुदुकोट्टईचे आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथल्या साक्षरता मोहिमेने स्त्रियांना सायकल शिकवणे हा अक्षरओळखीइतकाच महत्त्वाचा भाग मानला आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. तिथे शिकणे हाच कार्यक्रम होता.

आता शिकवावे कसे? आपल्यापैकी बहुतेकांना कोणीतरी मागून सीट धरून शिकवले आणि मध्येच गुपचूप हात सोडला. पद्धत प्रेमळ आहे, पण चुकीची आहे. सायकल डावीकडे कलली की हँडलही डावीकडेच वळवावे लागते, म्हणजे चाके शरीराच्या खाली येतात आणि तोल सावरतो. नवशिक्याचे हात घाबरून नेमके उलट करतात. मागचा माणूस सायकल कलूच देत नाही, त्यामुळे हातांना ही गोष्ट कळायची संधीच मिळत नाही, आणि शिकवणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच.

त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून टाकावेत. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे न सांगितल्यामुळे उत्साही स्वयंसेवकांनी आटे बिघडवलेले मी पाहिले आहेत.) सीट इतकी खाली आणावी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. मग मुलाने आधी चालावे, मग पावले लांब टाकावीत आणि अगदी सौम्य उतारावर पाय उचलून घरंगळत जावे. कार्ल फॉन ड्राइस याने 1817 मध्ये बनवलेल्या दुचाकीलाही पायडल नव्हते, लोक पायांनी जमीन रेटत जात. तोल आधी आणि पायडल नंतर, हा क्रम सायकलच्या इतिहासातच आहे. आठ-दहा सेकंद पाय अधांतरी राहू लागले की पायडल परत बसवावेत.

ब्रेक मात्र घरंगळण्याच्या आधी. एका वाटपात आम्ही सगळ्या सायकली एकाच मापाच्या घेतल्या, कारण खरेदीला ते सोपे होते. शिकवण्याच्या दिवशी एक मुलगी उतारावरून नीट तोल सांभाळत खाली आली आणि सरळ कुंपणात शिरली. ‘ब्रेक का नाही दाबलास?’ असे विचारल्यावर तिने हात पुढे केला. हँडलची मूठ धरली असताना तिची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचतच नव्हती. त्या दांडीपाशी एक बारीक स्क्रू होता. तो पिळला आणि दांडी जवळ आली. दोन मिनिटांचे काम, पण ते वाटपाच्या आधी करायला हवे होते आणि ते आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

मैदानात येणारी सायकल आणि रस्त्यावर येणारी सायकल यांतही अंतर आहे. रस्त्यासाठी मी एकच कसब सर्वांत वर ठेवतो: हँडल न वळवता खांद्यावरून मागे पाहणे. मान वळली की हातही वळतात आणि सायकल नकळत वाहनांच्या पुढ्यात जाते. जमिनीवर खडूने सरळ रेघ काढावी, मागे उभ्या असलेल्या माणसाने बोटे वर करावीत आणि मुलाने रेघ न सोडता ती किती आहेत ते सांगावे. मुलांना हा खेळ वाटतो, म्हणून ती कंटाळत नाहीत.

राहिले पंक्चर. दान केलेल्या सायकली मोडून बंद पडतात त्याहून अधिक पंक्चर होऊन पडून राहतात, असा माझा अनुभव आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणे मुलांना लगेच जमते. सोल्यूशन लावल्यावर ते थोडे सुकेपर्यंत थांबून मग ठिगळ चिकटवायचे असते, तो धीर मात्र शिकवावा लागतो. आणि टायरच्या आतून बोट जपून फिरवून काटा शोधायलाच हवा, नाहीतर तोच काटा घरी पोहोचायच्या आत नव्या जागी भोक पाडतो. म्हणून माझी आयोजकांना विनंती असते की दहा सायकलींमागे एक पंप, पान्यांचा एक संच आणि ठिगळांची एक डबी द्यावी, आणि ती शिक्षकांच्या कपाटात कुलपात न ठेवता मुलांपैकीच दोघांच्या ताब्यात द्यावी.