एकशेसाठ पौंड, पण कुठल्या दिवशीचे?

नमस्कार श्रोतेहो.

१४ फेब्रुवारी १९५१, शिकागो. बॉक्सिंगमधल्या मिडलवेट गटाच्या जगज्जेतेपदाची लढत. जेक लामोटा काट्यावर चढला तेव्हा वजन भरलं बरोबर १६० पौंड, म्हणजे आपले साडेबहात्तर किलो. गटाची मर्यादाच तेवढी. तिथपर्यंत उतरताना लामोटा बेजार झाला होता. शुगर रे रॉबिन्सनचं वजन भरलं १५५ पौंड आणि वर अर्धा. त्या काळी वजन घेत लढतीच्याच दिवशी, त्यामुळे काट्यावर जो माणूस, तोच रात्री रिंगमध्ये. तेराव्या फेरीत रेफरीनं लढत थांबवली आणि रॉबिन्सन जगज्जेता झाला.

‘रॉबिन्सन विरुद्ध मार्व्हिन हॅगलर, कोण जिंकलं असतं?’ किंवा ‘रॉबिन्सन विरुद्ध गोलोव्हकिन?’ हॅगलर ऐंशीच्या दशकातला मिडलवेट जगज्जेता, गोलोव्हकिन अलीकडचा. असले वाद घालणारे एकच गोष्ट गृहीत धरतात. तिघंही १६० पौंडांचे, मग वजनाचा प्रश्न मिटला. मिटत नाही. आजचा मिडलवेट वजन देतो आदल्या दिवशी. आठवडाभर आधी मीठ तोडायचं, मग पाणी कमी करत न्यायचं, शेवटच्या रात्री गरम पाण्याचा टब नाहीतर सौना. काट्यावरून उतरला की क्षाराचं पाणी, भात, बटाटा. हातात चोवीस तासांहून अधिक वेळ असतो. किताब देणाऱ्या संघटनांपैकी इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आपल्या किताबी लढतीच्या सकाळी पुन्हा वजन घेते, पण तिथेही मर्यादेवर १० पौंडांची सूट आहे. म्हणजे १७० पौंड चालतात, ७७ किलो! रॉबिन्सन त्या रात्री साडेसत्तर किलोचा होता. एकाच गटातल्या दोघांत साडेसहा किलोंचा फरक, आणि तोही नियमात बसणारा.

त्यामुळे तुलनेची पहिली पायरी म्हणजे काट्याचा दिवस ठरवणं. आजच्या खेळाडूला १९५१ मध्ये पाठवायचं असेल तर त्याचं वजन लढतीच्या दिवशीच घ्या. मग त्याला ही आटवाआटवी जमणार नाही. पाणी पोटात लगेच जातं, पण स्नायूंत आणि मेंदूभोवतीच्या द्रवात भरून यायला वेळ लागतो. पहिल्या चार-पाच फेऱ्या तो उसनं अवसान आणून काढेल. दहावीनंतर पाय ओढायला लागतील आणि एरवी झटकून टाकला असता तो ठोसा झोंबेल. बरं, वरच्या गटात जावं, तर १९५१ मध्ये १६० नंतर थेट १७५ पौंडांचा लाइट हेवीवेट. मधला १६८ चा गट आला १९८४ मध्ये. तेव्हा आठ गट होते, आज सतरा-अठरा आहेत.

याचा नमुना पुण्यातच पाहता येतो. घोरपडी-मुंढव्याच्या बाजूला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये जी मुलं तयार होतात, त्यांना हौशी स्पर्धेत प्रत्येक लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर चढावं लागतं. स्पर्धा आठवडाभर चालली तर आठवडाभर. रोज चार-पाच किलो आटवून रोज कोण लढणार? म्हणून ही मुलं आपल्या खऱ्या वजनाच्या आसपासच्या गटात खेळतात. विजेंदर सिंगनं २००८ मध्ये बीजिंगला कांस्य मिळवलं ते ७५ किलोंत. त्या गटाचं नावही मिडलवेटच, पण व्यावसायिक मर्यादेहून जवळपास अडीच किलो वर. नावावर जाऊ नका.

आता फेऱ्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेच्या रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत कोरियाचा डुक कू किम चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत दगावला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या, बाकीच्या संघटना १९८८ पर्यंत त्याच वाटेनं गेल्या. तीन फेऱ्या म्हणजे नऊच मिनिटं, पण या नऊ मिनिटांसाठी माणूस पहिल्या फेरीपासून दम राखून ठेवतो.

रिंगचंही तसंच. दोरांच्या आत १६ फूट चौरस रिंग म्हणजे २५६ चौरस फूट. २० फुटांची केली की ४००. पुण्यात चारशे चौरस फुटांत लोक संसार थाटतात! पळणाऱ्याला, बाजूला सरकणाऱ्याला ही दीडपट जागा वरदान ठरते. कोपऱ्यात गाठून मारणाऱ्याला मात्र तेवढीच जादा पायपीट. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा का, हे ज्याला कळतं त्याला हे निराळं सांगायला नको.

या सगळ्याचा नमुना एकाच लढतीत बघायचा तर ६ एप्रिल १९८७. हॅगलर सहा-साडेसहा वर्षं जगज्जेता, बारा वेळा किताब राखलेला. समोर शुगर रे लेनर्ड, पाच वर्षांत एकच लढत खेळलेला. पण करार करताना लेनर्डच्या बाजूनं तीन गोष्टी मागून घेतल्या: पंधराऐवजी बारा फेऱ्या, २० फुटांची रिंग आणि १० औंसांचे ग्लोव्हज. हॅगलरनं त्या मान्य केल्या, बदल्यात मानधनाचा मोठा वाटा घेतला. ग्लोव्हज जड असले की हॅगलरच्या ठोशाची धार बोथट होते आणि लेनर्डला गार्डच्या, म्हणजे तोंडासमोर धरलेल्या हातांच्या, मागे लपायला जास्त जागा मिळते. वर हॅगलरनं स्वतःहूनच घोळ घातला. डावखुरा असून पहिल्या दोन फेऱ्या तो उजव्या पवित्र्यात खेळला आणि त्या फुकट गेल्या. परीक्षकांत एकमत झालं नाही, दोन विरुद्ध एक असा लेनर्ड जिंकला: एका परीक्षकाचे लेनर्डला ११८-११०, दुसऱ्याचे त्यालाच ११५-११३, तिसऱ्याचे ११५-११३ हॅगलरला. ११८-११० हा आकडा मला आजही पटत नाही. पण लढत रिंगमध्ये जितकी जिंकली गेली, तितकीच करारावर सही होताना जिंकली गेली, हे नक्की.

दुसरी चूक जुन्या फिल्म पाहताना होते. मूकपटाच्या काळात हँडल फिरवून सेकंदाला सोळा-अठरा चित्रं घेत. तीच चोवीसच्या वेगानं दाखवली की बॉक्सर तुरुतुरु पळतात आणि ‘हे कसले जगज्जेते’ म्हणून आपण हसतो. घड्याळ लावा. फेरी तीन मिनिटांची असते. घंटेपासून घंटेपर्यंत ती दोन मिनिटांत संपत असेल तर फिल्म दीडपट वेगानं चालली आहे. मोबाइलवर वेग ०.६५ करा, फेरी तीन मिनिटांच्या जवळ येईल. मात्र मध्ये फिल्म कापलेली नाही ना, हे आधी बघा, नाहीतर हिशेब चुकेल. १९२३ ते १९२६ चा जगज्जेता हॅरी ग्रेब याच्या बाबतीत तर तेवढाही आधार नाही. त्याच्या सरावाची थोडी फिल्म आहे, लढतीची एकही नाही.

आणि ‘अ नं ब ला हरवलं, ब नं क ला, म्हणून अ मोठा’ हे गणित पार सोडून द्या. हेवीवेटमध्ये मार्च १९७३ ला केन नॉर्टननं मोहम्मद अलीला हरवलं, जबडाही मोडला. मार्च १९७४ ला जॉर्ज फोरमननं नॉर्टनला दोन फेऱ्यांत झोपवलं. त्याच ऑक्टोबरात अलीनं फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. लावा आता क्रम.

हारजीतही तारखेसकट वाचावी. रॉबिन्सन जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनकडून गुणांवर हरला. त्याआधी २१ मे ते १ जुलै या काळात तो युरोपभर सहा लढती खेळला होता. दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला त्यानं टर्पिनला दहाव्या फेरीत संपवलं, तेही भुवई फाटलेली असताना.

मग रॉबिन्सन की हॅगलर? त्याच दिवशी वजन, २० फुटांची रिंग आणि बारा फेऱ्या, तर रॉबिन्सन, आणि फारशी घासाघीस न होता. रिंग १६ फुटांची आणि फेऱ्या पंधरा केल्यात तर मी हॅगलरच्या बाजूला बसेन. रॉबिन्सन मुळात वेल्टरवेट, १४७ पौंडांचा. १९४३ मध्ये डेट्रॉइटला सुमारे सोळा पौंडांनी जड असलेल्या लामोटानं अंगावर येत येतच त्याला पहिली हार दाखवली होती.

१९८७ ची ती लढत पुन्हा पाहणार असाल तर आवाज बंद करून पाहा. लेनर्ड प्रत्येक फेरीचे शेवटचे तीस सेकंद ठोशांची सरबत्ती करतो आणि प्रेक्षक तेवढ्यालाच ओरडतात. कागदावर दोन रकाने आखा: एकात पहिली अडीच मिनिटं कोणाची, दुसऱ्यात शेवटचा अर्धा मिनिट कोणाचा. नवव्या फेरीला पेन्सिल हातात तयार ठेवा.