आधी नाव, मग व्याकरण

या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मराठी माणसाला जपानी जवळची का वाटते’. तिकडे वळणारच आहे. पण तुमच्यातले बरेच जण सप्टेंबरअखेर एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी निघताय, म्हणून आधी तुमच्या नावाबद्दल बोलू द्या. जपानमध्ये पहिली अडचण येते ती त्याचीच.

नारिताला किंवा कान्साइला उतरलात की झाइर्यू कार्ड, म्हणजे तिथलं रहिवासाचं ओळखपत्र, हातात पडतं. त्यावर नाव पासपोर्टाप्रमाणे, रोमन लिपीत. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव आपल्या नावालाच जोडलेलं असतं, त्यामुळे कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी सलग रांग येते. इथवर ठीक. पण बँक, विद्यापीठ, दवाखाना, सगळ्यांना नाव काताकानात, म्हणजे परकीय शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, हवं असतं, आणि ते लिहायचं तुम्हीच.

कुलकर्णी घ्या. जपानीत ‘ल’ नाही, नुसता ‘र्’ही नाही. म्हणून कु-रु-क-रु-नि, पाच अक्षरं. शेवटचा ‘णी’ दीर्घ दाखवायचा तर पुढे एक आडवी रेघ, झाली सहा. दोन्ही बरोबरच. पण विद्यापीठाच्या अर्जात पाच आणि बँकेत सहा लिहिलीत, तर शिष्यवृत्ती पाठवणाऱ्या यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. पैसे अडकतात किंवा परत फिरतात आणि दुरुस्तीचे कागद होईपर्यंत भाड्याची तारीख उलटून जाते. काळे असाल तर आणखी जपा. रेघ ‘का’च्या पुढे हवी. ती घसरून ‘रे’च्या पुढे गेली की त्या शब्दाचा अर्थ होतो करी, भातावर ओततात ती. हसा, पण अर्ज भरताना आठवा.

खिडकीवरच्या माणसाला ‘तुम्हीच लिहा’ असं सांगू नका. तो बिचारा इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज बांधणार. रोमन ‘ए’ वाचून त्याला ‘अ’ की ‘आ’ कसं कळावं? इंग्रजी ‘टीएच’चा जपानीत ‘स’ करायची पद्धत आहे, त्यामुळे पाठकांचे ‘पासक’ व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून निघण्याआधीच नाव मोठ्यानं म्हणून बघा, कोणता स्वर लांबतो ते ऐका, जपानी शिक्षकांकडून एकदा लिहून घ्या. रेघ कुठे, वडिलांचं नाव धरायचं का, दोन नावांमध्ये जागा सोडायची का, सगळं त्याच कागदावर ठरवा. तो कागद पासपोर्टात ठेवा आणि प्रत्येक फॉर्मवर त्यावरूनच उतरवा. आठवणीतून लिहिलंत की एखादी रेघ गळते.

पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत पालिका कचेरीत नोंद करायची, पत्ता कार्डाच्या मागे छापून मिळतो. राष्ट्रीय आरोग्य विम्याचं कामही त्याच फेरीत उरका. तो असला की दवाखान्यात साधारण 30 टक्केच भरावे लागतात.

घड्याळ दाखवताहेत. बरं, मूळ विषय, भरभर.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘जाऊन येतो’ म्हणतो. जपानी माणूस म्हणतो ‘इत्ते किमासु’, शब्दाला शब्द तेच. करून बघ म्हणजे ‘शिते मिरु’, लिहून ठेव म्हणजे ‘काइते ओकु’, खाऊन टाकलं म्हणजे ‘ताबेते शिमात्ता’. प्रश्नाच्या शेवटी आपला ‘का’, त्यांचाही ‘का’. फुटणं-फोडणं ही जोडी आहे तशी ‘वारेरु-वारु’. म्हणून वाक्य मनात मराठीत जुळवा. मध्ये इंग्रजी आणलीत की क्रियापद उगाच आधी येतं.

फसगत ‘देणं’पाशी होते. आपलं एकच क्रियापद, त्यांची दोन. मी मित्राला दिलं तर ‘आगेरु’, मित्रानं मला दिलं तर ‘कुरेरु’. पुष्कळ जण दुसऱ्या ठिकाणीही ‘आगेरु’च वापरतात आणि ऐकणारा गोंधळतो. मराठीत ‘जातो, जातेस, जातात’ यावरून माणूस कळतो. जपानी क्रियापद असं बदलत नाही. तिथे ‘कुरेरु’ ऐकलं की वस्तू आपल्याकडे आली हे कळतं, ‘मला’ वेगळं म्हणायची गरज राहत नाही. हे एकदा कानात बसलं की ‘वाताशि’, म्हणजे ‘मी’, आपोआप गळू लागतं.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. नाव आजच लिहून हवंय त्यांनी पासपोर्टाची झेरॉक्स घेऊन या टेबलापाशी थांबा.