आयोडीनचे अबोल अणुकेंद्र

श्रोतेहो, नमस्कार. निसर्गात आयोडीनचा एकच स्थिर समस्थानिक सापडतो, तो म्हणजे आयोडीन-127. एनएमआरला, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचे रेडिओ संकेत टिपण्याच्या तंत्राला, उपयोगी पडणारा कार्बन-13 शंभर कार्बन अणूंमध्ये जेमतेम एक असतो. आयोडीनचा मात्र प्रत्येक अणू उपयोगाचा. हायड्रोजनचा संकेत ज्या चुंबकात 400 मेगाहर्ट्झला मिळतो, तिथे आयोडीनचा 80 मेगाहर्ट्झच्या आसपास मिळायला हवा, आणि तोही चांगला ठळक.

प्रत्यक्षात मिथाइल आयोडाइडची नळी चुंबकात ठेवली, तर वर्णपटात हायड्रोजन आणि कार्बन यांच्या संकेतांच्या रेषा स्वच्छ उमटतात, पण आयोडीनचा मागमूस लागत नाही. आयोडीनच्या अणुकेंद्राचे परिवलन (स्पिन) 5/2 असून त्यातील विद्युतभाराची मांडणी गोलाकार नाही. त्यामुळे भोवतालचा इलेक्ट्रॉन मेघ एकांगी असेल, तर सतत गिरक्या घेणाऱ्या रेणूतील बदलते विद्युतक्षेत्र या अणुकेंद्राला इतक्या झपाट्याने विचलित करते, की रेषा पसरत पसरत वर्णपटाच्या तळात विरून जाते.

पाण्यातला आयोडाइड आयन सगळ्या बाजूंनी सारखा वेढलेला असतो, म्हणून तो दिसतो, तरीही त्याच्या रेषेची रुंदी हजार हर्ट्झच्या वर जाते. मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग याच रेषेवरचा आहे. पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात आयोडीनचे काळसर जांभळे स्फटिक चिमूटभर टाकले, की ते विरघळून द्रावण तपकिरी होते, कारण आयोडाइड आणि आयोडीन मिळून ट्रायआयोडाइड तयार होतो. हा आयन लांबट आहे. त्यात शिरलेले अणुकेंद्र क्षणार्धात आपली लय हरवते आणि पुन्हा आयोडाइड होऊन बाहेर पडते. ही ये-जा जितकी वेगवान, तितकी आयोडाइडची रेषा अधिक रुंद. ढवळून होण्याच्या आत घडून जाणाऱ्या या अभिक्रियेचा वेग 1950 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी या रुंदीवरूनच मोजला. ज्या गुणामुळे आयोडीनची रेषा हातची निसटते, तोच इथे मोजपट्टी झाला.

घनपदार्थांत तर चुंबकाचीही गरज उरत नाही. स्फटिकातील विद्युतक्षेत्रच अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या वेगळ्या करते, आणि शुद्ध आयोडीनच्या स्फटिकात त्यांमधील अंतर शेकडो मेगाहर्ट्झ भरते. सौर घटांसाठी अभ्यासल्या जाणाऱ्या लेड आयोडाइडयुक्त पेरोव्हस्काइट नावाच्या विशिष्ट मांडणीच्या स्फटिकांची रचना तापमानाबरोबर कशी बदलते, हे आज संशोधक याच मार्गाने आयोडीनकडून जाणून घेत आहेत.